सात भोकांची पट्टी

स्मशानाच्या ठेकेदाराने मला फसवलं. त्याच्या माणसाने माझ्या नवऱ्याच्या अस्थी म्हणून भलत्याच माणसाच्या अस्थी माझ्या हातात ठेवल्या, आणि माझ्या नवऱ्याच्या अस्थी भलत्याच घरी गेल्या. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, तो मला जन्मापासून आहे. पण हे मी तपासून लिहिते आहे.

माझं जुन्या नाशकात भांड्यांचं दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. लग्नानंतर सात-आठ वर्षं मी डोक्यावर टोपली घेऊन सिडकोपासून पंचवटीपर्यंत दारोदार हिंडले. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. दोन साड्या आणि एका पँटवर बाई पातेलं मागायची. मी तिला वाटीवर आणायचे आणि पातेल्यासाठी तिचं कपाट उघडायला लावायचे. साडीची जर खरी की खोटी हे माझ्या बोटांना कळतं. पितळेचं वजन हाताला कळतं. मोडीत आलेला हंडा मी उचलून आकडा सांगते, काटा नंतर तोच सांगतो. बाजारात माझ्या तोंडाला लागायला लोक भितात, आणि ते मला चालतं.

नवरा माझ्या अगदी उलट. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. आयुष्यात कधी त्याने भाव केला नाही. गाडीवाला सांगेल त्या किमतीला कोथिंबीर घ्यायचा आणि घरी येऊन मला कमी सांगायचा.

"कितीला घेतली?"

"दहाला."

"मला पंधराच्या खाली देत नव्हता तो सकाळी."

"मग माझं तोंड बघून दिली असेल."

त्याचं तोंड असं होतं की कोणीही त्याला पंधराची जुडी वीसला दिली असती. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

निवृत्तीला दोन वर्षं असताना द्वारका चौकात त्याच्या मोटरसायकलला टेम्पोने उडवलं. डाव्या पायाची नडगी मोडली. डॉक्टरांनी टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या, हाडावर बसवायच्या. एक टायटॅनियमची, एक स्टीलची. टायटॅनियम मला माहीत नव्हतं, स्टील माहीत होतं. मी स्टील घ्या म्हटलं आणि तिचाही भाव केला.

डॉक्टर म्हणाले, "ताई, हे भांडं नाही."

मी म्हटलं, "मग एवढं चकचकीत कशाला केलंय?"

पट्टी वीतभर लांब होती. तिला सात भोकं. ऑपरेशननंतर एक्सरे बघितला तर स्क्रू सहाच. वरून तिसरं भोक रिकामं. मी डॉक्टरांना जाब विचारला. ते म्हणाले, तिथे हाडाचा चुरा झालाय, स्क्रू धरणार नाही. मी त्यांच्याशी बरंच भांडले. नवरा पलंगावर पडल्या पडल्या हसत होता. पुढे कित्येक वर्षं घरी पाहुणा आला की तो पँट वर करून सांगायचा, "हिच्या भावात बसवलेली पट्टी आहे. एक स्क्रू कमी मिळाला."

तो एक्सरे आमच्या कपाटावर होता. एकदा सूर्यग्रहण लागलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी त्यातूनच सूर्य बघितला. बघू नका म्हणणारे समोरच्या गॅलरीतले सरसुद्धा शेवटी खाली आले आणि माझ्या नवऱ्याच्या नडगीतून ग्रहण बघून गेले.

थंडीत पट्टी गार पडायची आणि त्याचा पाय ठणकायचा. मी तेल चोळायला बसले की म्हणायचा, "मी गेलो की हे मोडीत घालशील तू."

"स्टीलला मोडीत काय येतं? ठेवीन तशीच."

"ठेव. पण नदीत टाकू नको. गोदावरीत आधीच काय कमी पडलंय?"

"बरं. आधी काढून घेईन, मग तुला सोडीन," मी म्हटलं होतं. हा आमचा ठराव.

दुसरी लाट आली तेव्हा आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले होते. भाजीची गाडी बांबूपलीकडे थांबायची. आमचं घर अगदी तोंडाशी, म्हणून मी वरच्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडायचे आणि वरूनच भांडायचे. गाडीवाला रस्त्यावर मान वर करून उभा, तोंडावर रुमाल. "मावशी, मास्क घालून तरी भांडा," म्हणायचा.

पहिल्या लाटेत पेपर बंद झाला होता. आता येत होता, पण घ्यायला लोक घाबरायचे. सर एकटे घ्यायचे. अंक उन्हात वाळवायचे, वरून इस्त्री फिरवायचे आणि सकाळी नऊ वाजता गॅलरीत उभं राहून सगळ्या गल्लीला वाचून दाखवायचे. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेला आवाज, बांबूपर्यंत पोचायचा. आधी ते शहराच्या बातम्या वाचायचे. कुठली दुकानं किती वाजेपर्यंत उघडी, कुठला भाग सील, लस कुठे मिळते आणि कुठे संपली. नंतर लोकच म्हणायला लागले, "सर, आधी ते वाचा." ते म्हणजे निधनवार्ता.

"सर, आज किती पानं?"

"आज अडीच."

फोटो, नाव, वय, पश्चात कोण कोण. ओळखीचं नाव आलं की एखाद्या खिडकीतून "अगं बाई!" ऐकू यायचं आणि ती खिडकी लागायची. कोणी रडायला कोणाच्या घरी जाऊ शकत नव्हतं. गल्लीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पडायची, त्यांच्याखाली काढ्याची कृती, त्याखाली पुन्हा हात. स्थानिक केबलवर खालून पट्टा सरकायचा, त्यात भाग आणि आकडे. सरांवर आमचा विश्वास जास्त, कारण ते नाव वाचायचे.

नवऱ्याला ताप आला, दम लागला, खाट मिळेपर्यंत दीड दिवस गेला. दवाखान्यात मला आत जाऊ दिलं नाही. मी रोज दारापर्यंत डबा पोचवायचे. दहाव्या दिवशी डबा परत आला, न उघडलेला.

त्यांनी मला तोंड दाखवलं. काळ्या पिशवीची चेन बोटभर उघडली. कपाळ, डोळे, भुवईवरचा व्रण. तोच होता. हे एवढ्यासाठी सांगते की चूक दवाखान्यात झाली नाही. गाडीत घातला तो माझाच माणूस होता.

मुलगी पुण्याला. तिला पास मिळेना. गल्लीतलं कोणी बाहेर पडेना, आणि मी कोणाला दोष देत नाही. माझ्याबरोबर आले ते आमच्या दुकानाचे कल्हईवाले चाचा. पंचवीस वर्षं आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी शहरातल्या पातेल्यांना कल्हई केली. रोजे चालू होते. उन्हात स्कूटीवर मला मागे बसवून शववाहिकेमागे त्यांनी गाडी घातली.

नेहमीच्या ठिकाणी जागा नव्हती म्हणून शहराच्या कडेला पत्रे ठोकून एक तात्पुरतं स्मशान उघडलं होतं. ते एका ठेकेदाराकडे दिलेलं. आमच्या घरातली बाई कधी स्मशानात गेली नव्हती. मी गेले आणि मला फाटकाबाहेर उभं केलं. आत एकच माणूस, तोही प्लॅस्टिकचा पोशाख घालून. चाचा म्हणाले, "भाभी, मैं जाता हूँ." पोशाख घालून ते आत गेले, लांबून बघितलं, बाहेर आले. म्हणाले, "अच्छे से हुआ. लकडी अच्छी थी." लाकूड चांगलं होतं की नव्हतं मला माहीत नाही. चाचांनी माझ्याशी पंचवीस वर्षांत केलेला हा एकमेव खोटा व्यवहार असेल, तर मी तो मान्य करते.

दुसऱ्या दिवशी अस्थी घ्यायला बोलावलं. आता जे लिहिते ते नीट वाचा, कारण पुढचं सगळं इथून निघालं.

फाटकापासून रांग होती. एका टेबलामागे एकच माणूस. पायात रबरी बूट, अंगातला निळा पोशाख काखेत फाटलेला, डोळे लाल. त्याच्या मागे जमिनीवर लाल फडक्यात बांधलेली गाडगी मांडलेली. प्रत्येक गाडग्याला कागदाची चिठ्ठी, तिच्यावर पेनाने नंबर. नाव आलं की तो गाडगं उचलायचा, त्यावर सॅनिटायझरचा फवारा मारायचा, वहीत सही घ्यायचा.

मी दोन तास उभी होते. माझ्या पुढे अकरा माणसं. कोणीतरी ओळखीचा म्हणून मागून पुढे गेला आणि माझं डोकं फिरलं.

"ओ, नंबराने चाललंय ना?"

"नंबरानंच चाललंय, मावशी."

"तो आत्ता आला आणि गेलाही. मला कागद दाखव तुझा. नंबर तुझ्या तोंडात आहेत की कागदावर?"

"मावशी, दोन दिवस झोपलो नाय मी."

"मग घरी जाऊन झोप. दुसऱ्याला उभा कर."

"दुसरा काल गेला," तो म्हणाला. "त्यालाबी इथंच आणला."

सगळी रांग गप्प झाली. मी झाले नाही. मी आणखी चढ्या आवाजात बोलले. साहेबांचा फोन मागितला, ठेकेदाराचं नाव विचारलं, टेबलावर हात आपटला. बाजारात हे चालतं. समोरचा थकलेला असला की आवाज चढवायचा, तो कंटाळून माल काढतो. त्याने नवऱ्याचं नाव विचारलं, मागे वळला, एक गाडगं उचललं, फवारा मारला आणि माझ्यापुढे ठेवलं. "घ्या. सही करा."

मी सही केली. माझ्या पुढच्या अकरा माणसांच्या आधी मी फाटकाबाहेर आले. जिंकल्यासारखी.

बिलावरची ओळ न् ओळ वाचणारी बाई मी. चिठ्ठी वाचली नाही. स्कूटीवर बसताना बघितली, तेव्हा फवाऱ्याने शाई पसरून नुसता निळा डाग उरला होता.

आणि हाताने मला तेव्हाच सांगितलं होतं. मांडीवर दोन्ही हातांत गाडगं धरलं, स्कूटी निघाली, आणि हात म्हणाला, हलकं आहे. त्यात वीतभर स्टील नाही. मी हाताचं ऐकलं नाही. मला वाटलं, माणसाची राख हातावर तोलायची माझी ही पहिलीच वेळ. या मालातलं मला काय कळतं.

अस्थी घरात आणत नाहीत. आमच्या दारात शेवगा आहे, त्याच्या फांदीला मी गाडगं टांगलं. दहावा दहाव्या दिवशी व्हायला हवा होता, पण मुलीचा पास येईना आणि तिच्याशिवाय करायचं माझ्या मनात नव्हतं. सर गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, करून टाका. ते अडकून राहतात." मी म्हटलं, "राहू द्या. त्याला कुठे घाई आहे?"

तीन आठवडे ते गाडगं तिथे होतं. रोज सकाळी सरांचं वाचन संपलं की मी खाली जाऊन शेवग्याखाली उभी राहायचे आणि त्याला सांगायचे. आज अडीच पानं, आज दोन, तुझ्या वर्कशॉपमधला तो जाडा हेल्पर गेला, कोथिंबीर आता विसाला झाली, मी पंधराला आणली. तू असतास तर पंचवीस दिले असतेस. पलीकडच्या खिडकीतल्या बाईला वाटायचं मी फोनवर बोलते आहे. एकदा मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा. खाट मिळायच्या आधी दीड दिवस तो "मी बरा आहे" म्हणत बसला, त्यावरून.

मुलगी आली. दुसऱ्या दिवशी रामकुंडावर जायचं ठरलं. आदल्या दुपारी मी गाडगं उतरवलं, अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि फडकं सोडलं. ठराव होता ना, आधी पट्टी काढून घ्यायची.

पट्टी नव्हती.

मी बोटांनी सगळं चाळलं. मुलगी म्हणाली, "आई, पुरे." मी पुन्हा चाळलं. एक स्क्रूसुद्धा नाही. त्यात एक दात होता, त्याला सोनेरी कड. माझ्या नवऱ्याने कधी दातावर सोनं चढवलं नव्हतं. आम्ही दोघी अंगणात त्या कागदाच्या दोन बाजूंना बसलो होतो, आणि मध्ये कोण होतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

मी तशीच स्मशानात गेले. टेबलामागे तोच माणूस. मला ओळखलं, आणि मी तोंड उघडायच्या आधीच दोन्ही हात पुढे केले, मार अडवावा तसे.

"पट्टी कुठे आहे?" मी म्हटलं. "पायात पट्टी होती त्याच्या."

"धातू आम्ही बाजूला काढतो, मावशी. सगळ्यांचा नाय निघत. बघा."

त्याने पत्र्याचा तेलाचा डबा आणून उपडा केला. स्क्रू, वाटीसारखा गुडघ्याचा तुकडा, तारा, वाकलेल्या सळया, काळ्या-निळ्या पडलेल्या पट्ट्या. मी आयुष्यभर मोड चाळली आहे. टोपलीभर मोडीतून पितळ वेगळं करायला मला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. त्या दिवशी मी गुडघे टेकून माणसांच्या अंगातलं लोखंड चाळलं. पट्ट्या चार होत्या. दोन आखूड, एक पाच भोकांची, एक वाकडी आठ भोकांची. सातची नव्हती.

"त्या दिवशीची वही दाखव."

"वही ऑफिसात जमा झाली."

"माझ्या नंतर कोणाला दिलंस? त्या अकरांपैकी?"

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही ओरडत होता. माझ्या हाताला जे लागलं ते दिलं."

हे तो भांडणाच्या सुरात बोलला नाही. मी चाळलेलं लोखंड पुन्हा डब्यात भरलं.

घरी आले. सर गॅलरीत उभे होते. मी रस्त्यातूनच त्यांना सगळं सांगितलं, सगळ्या गल्लीने ऐकलं. ते आत गेले आणि एक गठ्ठा टोपलीत घालून दोरीने खाली सोडला. त्या आठवड्याचे सगळे अंक, इस्त्री केलेले.

"वहिनी, त्या दिवशी जे गेले त्यांची नावं यात असतील. निदान ज्यांनी छापली त्यांची."

मुलीने आणि मी त्या दोन दिवसांच्या निधनवार्ता कापल्या. खाली कुटुंबाचे फोन असायचे. मी फोन करायला बसले. कशी सुरुवात करायची? "तुमच्या वडलांच्या अस्थींत काही लोखंड निघालं का?" एकाने शिव्या घातल्या. एका बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही उघडलंच नाही हो, तसंच सोडलं," आणि मग तीच विचारायला लागली, "म्हणजे आमचेही बदलले असतील का?" मी तिला काय सांगणार? फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एका घराची झोप मोडली.

सतरावा की अठरावा फोन वणीकडच्या एका गावात लागला. म्हातारा उपचाराला नाशकात आणला होता, इथेच गेला. फोनवर त्याचा मुलगा.

"लोखंड?" तो म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "तुम्ही दवाखान्यातल्या हाय का?"

"नाही, भाऊ."

"मंग तुम्हाला कसं ठाऊक? आमच्या बाच्या अंगात त्यांनी लोखंड घातलं. लय दिवस झोपवून ठेवला आन् काय केलं ते सांगितलं नाय. मी ठिवलंय ते. पिशवीत. केस करनार हाय मी."

"किती भोकं आहेत त्याला?"

तो मोजायला गेला. मला त्याची पावलं, दार, पिशवीचा आवाज सगळं ऐकू आलं.

"सात."

"स्क्रू?"

"दोन अडकलेले हाय. बाकीचे सुटे."

मी त्याला म्हटलं, "तुमच्या बाचा एखादा दात सोन्याचा होता का?"

त्याच्या बायकोने फोन हातातून घेतला. "मावशी," ती म्हणाली, "आमी तर दहावा करून बसलो."

निर्बंध सैल झाल्यावर आम्ही वणीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका बंद चहाच्या टपरीपाशी भेटलो. मी चाचांच्या स्कूटीवर मागे, मांडीवर गाडगं. ते दोघं मोटरसायकलवर, हँडलला पिशवी. मी आयुष्यभर हेच केलं आहे, एका हाताने जुनं घ्यायचं, दुसऱ्या हाताने दुसरं द्यायचं. त्या दिवशी कोणी काही मागितलं नाही. मी गाडगं दिलं, त्याने पिशवी दिली.

त्याने फडकं सोडलं, आत बघितलं आणि गाडगं छातीशी धरून खाली बसला. त्याची बायको मला विचारत होती, "कुठं ठिवलं व्हतं आमच्या मामंजींना?"

"शेवग्याला. दारातच."

"एकलेच?"

"मी बोलायचे त्यांच्याशी रोज."

"काय बोलायच्या?"

मी म्हटलं, "कोथिंबिरीचा भाव."

ती रडता रडता हसली. "त्यांनी आयुष्यभर कोथिंबीरच लावली, मावशी."

मग मी विचारलं. माझा नवरा कुठे सोडला?

"रामकुंडावरच," मुलगा म्हणाला. "बाच्या नावानं पिंड ठिवला. कावळा लगेच शिवला, मावशी. आमी म्हनलं, बा समाधानी गेला."

माझा नवरा असाच होता. सांगतील तो भाव, हाक मारतील ते नाव. त्याने तिथेही काही घासाघीस केली नसणार.

निघताना त्या बाईने हळूच विचारलं, "आता परत सुतक धरायचं का हो? कुनाला इचारायचं?" मला माहीत नव्हतं. चाचांनाही माहीत नव्हतं. भटजीला विचारा म्हणून मी सांगितलं, पण त्यांच्या भटजीपुढे तरी असं कधी आलं असेल का?

घरी येऊन मी एक्सरे खिडकीच्या काचेला धरला आणि पट्टी त्यावर ठेवली. फिल्मवरची थोडी मोठी दिसते, पण भोकं भोकांना लागली. वरून तिसऱ्या भोकाला फिल्ममध्ये स्क्रू नाही, आणि पट्टीत त्या भोकाच्या कडा कोऱ्या, स्क्रूच्या आट्यांचा ओरखडा नाही. चाचांनी पट्टी बोटाने वाजवून बघितली. जाळाने तिचा आवाज गेला आहे. "कल्हई कर दूँ?" त्यांनी विचारलं, आणि लगेच म्हणाले, "नहीं, रहने दो. स्टील पे नहीं चढती."

मुलगी पुण्याला परत गेली. तिच्या वडलांचं तिने काहीच केलं नाही, कारण करायला काही उरलं नव्हतं. रामकुंडावर आम्ही दोघी गेलो, नुसत्या पायरीवर बसलो, आलो. पाण्यात तो होता म्हणे. पण त्याला सोडताना त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

मग मी ऑफिसात गेले, जिथून ठेका दिला होता तिथे. तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज द्या. अर्ज दिला. दुसऱ्यांदा सांगितलं, ठेका संपला, ते स्मशान आता बंद आहे. मी विचारलं, तिथला तो माणूस कुठे आहे? कारकून म्हणाला, ती ठेकेदाराची माणसं, त्यांची नोंद आमच्याकडे नसते. तिसऱ्यांदा त्याने वही काढली, माझ्यापुढे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अस्थी मिळाल्या, तक्रार नाही. खाली माझी सही.

"सही तुमचीच ना, ताई?"

सही माझीच. मी त्याच्यावर ओरडले नाही. पहिल्यांदाच असं झालं असेल. मला तो टेबलामागचा माणूस दिसत होता, दोन्ही हात पुढे केलेला.

अर्जाला उत्तर आलेलं नाही. गल्लीच्या तोंडचे बांबू कधीच निघाले. सर अजून पेपर वाचतात, पण आता मनात, आणि निधनवार्ता पाव पानावर आली आहे. लोक म्हणतात, झालं गेलं, सगळ्यांचंच झालं, तुमचं तरी सामान परत मिळालं. पट्टी दुकानात काट्याशेजारी ठेवली आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय विकायचं आहे? मी नाही म्हणते. मोडीत घालणार नाही म्हणून शब्द दिला होता. त्याला मी दिलेल्या दोन शब्दांपैकी हा एक पाळता आला. दुसरा होता, आधी पट्टी काढीन, मग तुला सोडीन. तो माझ्याकडून पाळला गेला नाही.

माझी चूक मी वर लिहिली आहे. थकलेल्या माणसावर मी ओरडले, रांग मोडली, चिठ्ठी वाचली नाही, हाताचं ऐकलं नाही. सगळं लिहून दिलं, काही दडवलं नाही. आता ज्याने तो ठेका घेतला त्याने लिहून द्यावं, की एवढ्या चितांना किती माणसं ठेवायचं कबूल केलं होतं आणि त्या सकाळी एकच का होता. ज्याचा जोडीदार आदल्या दिवशी तिथेच जळला, त्याला दोन दिवस झोपू न देता टेबलामागे कोणी उभं केलं? ज्या साहेबाने त्या ठेक्यावर सही केली त्याने सांगावं, की धुतलं की जाणाऱ्या शाईने माणसांना नंबर घालायचं कोणी ठरवलं. मला पैसे नकोत आणि माफीपत्रही नको. माझी सही तुमच्या वहीत आहे. तुमची सही असलेलं उत्तर मला द्या. दुकान सकाळी दहाला उघडतं, मी तिथेच असते.